औषध म्हणतो, पण आहे विष

आमच्या टेंभुर्णीत कीटकनाशकाला कीटकनाशक कोणी म्हणत नाही. शेतकरी म्हणतो 'औषध मारायचंय', दुकानदार म्हणतो 'नवीन औषध आलंय', आणि पाठीवर पंप घेऊन दिवसभर राबणारा मजूर संध्याकाळी घरी सांगतो की आज औषधावर होतो. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तिथे उस्तादांनी दवा आणि जहर हे दोन शब्द वेगवेगळे शिकवले होते. बाजारात पाऊल ठेवल्यावर पाहिले तर दोन्हींची बाटली एकच झालेली. शब्द बदलला की माणसाची भीतीही मरते, हे आम्हाला फार उशिरा आणि फार वाईट रीतीने समजले. ती हकीकत आधी सांगतो, कारण दुसऱ्याला उपदेश करण्यापूर्वी आपला गुन्हा कबूल केलेला बरा.

आमचे कापडाचे दुकान आहे. पुढे दुकान, मागे अरुंद गोदाम, त्याला एकच खिडकी आणि तीही गठ्ठ्यांनी बुजलेली. पावसाळ्यात दमट हवेत ब्लँकेट, शाली आणि लोकरीच्या मालाला कसर लागते. ज्याने कापडाचा धंदा केला आहे त्याला हे दुखणे सांगायला नको. एका थानाला बोटभर भोक पडले की अख्खे थान कटपीसमध्ये जाते. २०११ च्या पावसाळ्यात कसर फारच माजली. रमजानचा माल भरलेला, ईद तोंडावर. एका ओळखीच्या दुकानातून आम्ही 'गोदामात मारायचे औषध' आणले. ते मोठ्या डब्यातून सोड्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून दिले होते. चिठ्ठी नाही, नाव नाही, बिलही नाही. किती पाण्यात किती घालायचे, ते तोंडी सांगितले. आमच्याकडे त्या वेळी एकोणीस वर्षांचा एक मुलगा कामाला होता. गल्लीतलाच, घरच्यासारखा. त्याला म्हटले, बेटा, दुकान बंद झाल्यावर जरा मारून घे.

त्याने उघड्या हाताने मिसळले, उघड्या हाताने फवारले. शर्टावर सांडले ते तसेच अंगावर सुकू दिले. शटर ओढून घरी गेला आणि त्याच शर्टात झोपला. सकाळी पुन्हा त्यानेच शटर उघडले आणि तासभर त्या कोंदट गोदामात बसून गठ्ठे लावले. दहाच्या सुमारास त्याला घाम फुटला. तोंडाला पाणी सुटले, उलटी झाली, मग म्हणाला, चाचा, डोळ्यांपुढे धुके दिसते. आम्ही काय केले? पित्त झाले म्हणून लिंबू-सोडा पाजला. कोणीतरी विषावर दूध चांगले म्हणाले, म्हणून वर दूध पाजले. एका म्हातारीने नजर उतरवली. या सगळ्यात पाऊण तास गेला.

गावातल्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, काय फवारले? आम्ही सोड्याची बाटली पुढे केली. त्यांनी कपाळाला हात लावला. बाटलीवर लिंबाचे चित्र होते. तरीही त्यांनी अंदाज बांधला, ॲट्रोपिनची सुई दिली आणि गाडी करून सोलापूरला पाठवले. महामार्ग दारातच आहे, म्हणून मुलगा वाचला. आडबाजूच्या वाडीवर असता तर काय झाले असते, याचा विचार आजही नको वाटतो. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की बाटलीत होते ते डायक्लोरव्हॉस. जुने लोक त्याला नुवान या नावाने ओळखतात. ढेकूण, झुरळ, कसर, माश्या, सगळ्यांवर एकच इलाज म्हणून कित्येक वर्षे दुकानादुकानांत ते वापरले गेले.

शरीरात होते काय?

आमच्यासारख्या व्यापारी माणसाला हे डॉक्टरांनी ज्या भाषेत समजावले, त्याच भाषेत सांगतो. आपल्या नसा स्नायूंना हुकूम पाठवतात तेव्हा नसेच्या टोकाला एक रसायन सुटते. हुकूम पोचला की ते रसायन साफ करणारा एक कामगार शरीरात असतो. त्याला कोलिनएस्टरेज म्हणतात. डायक्लोरव्हॉस, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस ही सगळी ऑर्गॅनोफॉस्फरस जातीची विषे या कामगाराचेच हातपाय बांधतात. मग हुकूम सुटत राहतो, थांबत नाही. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब, छातीत घरघर, स्नायूंची फडफड आणि शेवटी श्वास बंद. किडा ज्या कारणाने मरतो त्याच कारणाने माणूस मरतो. फरक मात्रेचा.

आणि ही मात्रा पोटातूनच जाते असे नाही. आमचा समज होता की प्यायल्याशिवाय विष बाधत नाही. वास्तविक पाहता फवारणी करणाऱ्याच्या अंगात सर्वांत जास्त विष शिरते ते कातडीतून. त्यातही सगळी कातडी सारखी नसते. तळहातापेक्षा कपाळ आणि डोके जास्त शोषते, आणि जांघेची नाजूक कातडी तर हाताच्या कातडीपेक्षा कित्येक पट. पाठीवरचा पंप गळत असेल तर ओघळ कुठे उतरतो, हे पंप घेणाऱ्याला विचारा. पाठीवरून कमरेला आणि कमरेवरून जांघेत. पंपाचे वायसर बदलायला चार पैसे लागतात. ते बदलले नाही म्हणून माणूस दवाखान्यात जातो.

दुसरी गोष्ट, हा हिशेब उधारीच्या खात्यासारखा साचत जातो. एका दिवशी थोडे विष गेले तर त्या कामगाराचे काही टक्के हातपाय बांधले जातात, माणसाला फक्त डोके दुखल्यासारखे वाटते. ते सुटायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. तेवढ्यात दुसऱ्या दिवशी पुन्हा फवारणी. चौथ्या-पाचव्या दिवशी नेहमीइतकेच औषध मारताना माणूस कोसळतो आणि मालक म्हणतो, कालपर्यंत तर ठीक होता.

यवतमाळचा धडा

आमचे एकट्याचे झाले म्हणून हे लिहीत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात जे घडले ते साऱ्या महाराष्ट्राने वाचले आणि दोन महिन्यांत विसरले. कपाशीवर फवारणी करताना आठशेहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधा होऊन दवाखान्यात गेले, वीसहून अधिक मेले. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. एरवी माणूस खाली बघून फवारतो, त्या वर्षी वर तोंड करून फवारत होता. फवारा परत चेहऱ्यावर पडत होता. उकाडा असह्य, अंगावर बनियन आणि लुंगी. अळी मरत नाही म्हणून दोन-तीन औषधे एकत्र मिसळून, वर वाढीचे टॉनिक घालून मारणे चालू होते. बॅटरीच्या पंपाने फवारा बारीक पडतो आणि जोरात पडतो. काम लवकर उरकते, पण तेवढाच बारीक तुषार श्वासातही जातो.

सरकारने विशेष तपास पथक नेमले. नोव्हेंबर २०१७ मध्ये यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. त्यात मोनोक्रोटोफॉस होते, प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचे मिश्रण होते, ॲसिफेट आणि डायफेंथियुरॉन होते. ६० दिवस म्हणजे दोन महिने. हंगाम सरत आला तेव्हा बंदी आली आणि पुढच्या हंगामाच्या आत ती संपलीही. व्यापाराची आम्हाला समज आहे. दोन महिने माल मागे ठेवणे म्हणजे काय, हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

मोनोक्रोटोफॉसची गोष्ट तर याहून वाईट. २००५ मध्येच भाजीपाल्यावर ते वापरण्यास आपल्या देशात मनाई झाली होती. तरी ते दुकानात राहिले, कारण इतर पिकांना परवानगी होती. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या दुपारच्या जेवणात हेच विष तेलातून गेले आणि २३ लहान मुले मेली. विषाच्या रिकाम्या डब्याला दुसरा उपयोग नसतो, हे तिथे कळले. आमच्याकडे मात्र आजही त्या डब्यात गोडेतेल, रॉकेल नाहीतर शौचाचे पाणी भरलेले दिसते.

जे बंद झाले, ते खरेच बंद झाले का?

केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये १८ कीटकनाशकांवर बंदीचा हुकूम काढला. १२ तत्काळ आणि ६ ३१ डिसेंबर २०२० पासून. या सहांमध्ये आमचे डायक्लोरव्हॉस आहे, फोरेट आहे, ट्रायझोफॉस आहे. तत्काळ बंद झालेल्या बारांमध्ये कार्बारिल आहे. हे तेच कीटकनाशक, जे बनवण्यासाठी भोपाळच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट साठवले होते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री तो वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. ज्या मालासाठी ते शहर उजाड झाले, तो माल आपल्या देशात आणखी चौतीस वर्षे कायदेशीर होता.

म्हणून आम्ही आमच्या किराणा, भुसार आणि कापड व्यापारी बंधूंना विनंती करतो की आज घरी गेल्यावर माळा तपासा. जुन्या शटरमागे, गल्ल्याखाली, काट्याच्या बाजूला एखादी बिनचिठ्ठीची बाटली सापडेल. आम्हाला स्वतःला २०२१ मध्ये गोदाम आवरताना अशी एक सापडली. तेच सोड्याचे चित्र. दहा वर्षे ती आमच्या डोक्यावर होती.

बाटलीवरची खूण वाचता न येणाऱ्या माणसासाठीच कायद्याने रंग ठेवला आहे. चौकोनात खालचा त्रिकोण लाल असेल तर अतिजहाल, पिवळा असेल तर जहाल, निळा मध्यम, हिरवा त्याहून कमी. हिरवा म्हणजे निरुपद्रवी असे कोणी समजू नये. आमच्या माहितीत तरी मजुराला पंप देताना त्रिकोण दाखवणारा मालक आम्ही अजून पाहिला नाही. आम्ही तर त्रिकोणच नसलेली बाटली दिली होती.

१९७१ च्या कीटकनाशक नियमांत लिहिले आहे की फवारणीचे काम करणाऱ्याची कामावर घेण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी व्हावी, नंतर दर तीन महिन्यांनी व्हावी, आणि ऑर्गॅनोफॉस्फरस किंवा कार्बामेट जातीचे औषध असेल तर रक्तातील कोलिनएस्टरेज दर महिन्याला तपासावे. हातमोजे, चष्मा, बूट, श्वासाचे साधन द्यावे, हेही लिहिले आहे. रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, हेही आहे. नियम पन्नास वर्षांहून जुना आहे. आता आमच्या तालुक्यात एखाद्या रोजंदारीच्या मजुराला जाऊन विचारा, तुझे रक्त कधी तपासले? तो हसेल.

बागवान बंधूंसाठी दोन शब्द

उजनीचे पाणी आले आणि आमचा हा भाग बदलला. ऊस आला, मग केळी, डाळिंब, द्राक्ष. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या या गावातून पंढरपूर, अकलूज, कुर्डुवाडी आणि करमाळ्याकडे फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्यावर बागा आहेत. या फळांच्या व्यापारात आपले बागवान बंधू पिढ्यान्पिढ्या आहेत. ते उभी बाग घेतात, तोडीला आपली माणसे पाठवतात. इथे एक धोका आहे ज्याच्याकडे कोणी पाहत नाही. फवारणी शेतकऱ्याने केली, पण तोडणारा मजूर आपला आहे.

डाळिंबाची बाग म्हणजे वर्षभर फवारणीचे पीक. तेल्या, मर, फळ पोखरणारी अळी, फुलकिडे, एक ना दोन. सोलापूरजवळ केगावला डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून आहे. कधी काय मारायचे आणि शेवटची फवारणी आणि तोडणी यात किती दिवस सोडायचे, याचे वेळापत्रक तिथे मिळते. हे दिवस फक्त खाणाऱ्यासाठी नाहीत. परवा फवारलेल्या बागेत आज तोडीला शिरलेला माणूस दिवसभर त्याच पानांना घासत असतो. डाळिंबाला काटे असतात, हात ओरबाडतात, त्या ओरखड्यांतून औषध आत जाते. संध्याकाळी अंगाची आग होते, पुरळ उठते, आणि तो म्हणतो काट्याने झाले. सौदा करताना आपण फळाचा आकार पाहतो, रंग पाहतो, दर ठरवतो. त्याच वेळी शेतकऱ्याला एवढेच विचारावे की शेवटचा हात कधी मारला आणि कशाचा मारला. सौदापट्टीवर एक ओळ जास्त लिहायला शाई किती लागते?

भुसार व्यापाऱ्यांच्या गोदामातली गोळी ही तर वेगळीच आफत. ज्वारी, तूर, गव्हाच्या थप्पीत टाकतात ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी हवेतला ओलावा मिळताच फॉस्फिन वायू सोडते. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम वायू. त्याला कुजलेल्या मासळीसारखा नाहीतर लसणासारखा वास येतो. वायू सुटल्यावर राहते ती करडी राख. या विषावर उतारा नाही, हे नीट लक्षात घ्यावे. आमच्या मुलाला ॲट्रोपिनने वाचवले, पण फॉस्फिनवर असे काही नाही. म्हणूनच गोळ्यांची धुरी सरकारी यंत्रणेने किंवा परवाना असलेल्या धुरी देणाऱ्यांनीच, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली द्यावी असा निर्बंध आहे. पण आपल्याकडे दुकान खाली आणि घर वर असते. खाली थप्पीत गोळी, वर पोरे झोपलेली, आणि लाकडी तक्तपोशीला फटी. वायूला जिना लागत नाही.

फिनेल, ॲसिड आणि ब्लीचिंग

जंतुनाशकांबद्दल तर आम्हाला वाटायचे की हे साफसफाईचे सामान, यात कसला धोका. महामार्गावरच्या ढाब्यांत, लॉजमध्ये, चिकनच्या दुकानांत काम करणारी मुले पहाटे मोरी आणि संडास धुतात. जास्त स्वच्छ व्हावे म्हणून ॲसिड ओततात आणि त्यावरच ब्लीचिंग पावडर टाकतात. दोन्ही मिळाले की क्लोरीन वायू सुटतो. एप्रिल १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनी फ्रेंच सैन्यावर सोडला तो हाच वायू. ब्लीचिंगमध्ये अमोनियाचे काही मिसळले तरी फुफ्फुसाला जाळणारा दुसराच वायू निघतो. चार फुटांच्या संडासात, दार ओढून घेऊन काम करणारा चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा (तो तिथे असूच नये, पण असतो) ठसका लागून बाहेर येतो आणि मालक त्याच्यावरच ओरडतो की काम अर्धे टाकून कुठे चालला.

२०२० च्या कोरोनात आम्ही सगळेच जंतुनाशकाच्या मागे वेडे झालो. मार्च २०२० मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीला परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर सोडियम हायपोक्लोराइट फवारले, ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. मग गावोगावी बाजारपेठांच्या तोंडाशी फवाऱ्याचे बोगदे उभे राहिले. आरोग्य मंत्रालयाने एप्रिलमध्येच सांगितले होते की माणसांवर फवारणी करू नये, आणि ५ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानेही ती थांबवण्याचे निर्देश सरकारला दिले. आम्ही तोपर्यंत काय केले? गिऱ्हाइकांनी हाताळलेल्या थानांवर तेच पाणी शिंपडले. दुसऱ्या दिवशी निळ्या पॉपलीनवर पांढरे डाग. नुकसान आमच्या खात्यावर पडले तेव्हा डोळे उघडले, की जे पक्का रंग उडवते ते छातीत गेल्यावर काय करत असेल.

कापडवाल्याचा अनुभव

आता आमच्याच धंद्याबद्दल, कारण या विषयावर कापडवाल्याइतके बोलण्याचा हक्क कोणाला नाही. फवारणीला लोक जुना, विरलेला शर्ट घालतात. नवा खराब होईल म्हणून. हे उलटे आहे. विरलेले सुती कापड टिपकागदासारखे औषध ओढते आणि कातडीला चिकटवून ठेवते. जाड विणीचे ड्रिल किंवा ट्विल, पूर्ण बाह्यांचे, त्यावर प्लॅस्टिकचा अंगरखा आणि पाठीला प्लॅस्टिकचा कागद, हे बरे. पण जाड कापडही भिजले की ते विषाचे फडके होते. भिजले की काढायचे. तोंडाला रुमाल बांधला की बंदोबस्त झाला असे समजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की रुमाल धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. ओला झालेला रुमाल तर विष नाकाशी धरून ठेवतो.

ते कपडे घरी गेल्यावर कोण धुते? घरची बाई. बऱ्याचदा पोरांच्या कपड्यांबरोबर, एकाच बादलीत. ज्या बाईने कधी पंपाला हात लावला नाही तिच्या हातांना खाज आणि डोक्याला कळ का येते, याचे उत्तर त्या बादलीत आहे. फवारणीचे कपडे वेगळे, आधी नुसत्या पाण्यात, मग साबणात, आणि रोजच्या रोज. घराबाहेर काढून टाकलेले बरे.

डांबराच्या गोळ्यांशिवाय कापडाचे कपाट आम्ही लहानपणापासून पाहिले नाही. शेरवानी, शाल, लग्नाचे जोडे, सगळ्यांत त्या गोळ्या. त्यांतले नॅप्थालिन हवेत उडत राहते. काही घराण्यांत जन्मतः रक्तात जी-६-पीडी नावाच्या एका घटकाची कमतरता असते. अशा घरातल्या तान्ह्या बाळाला गोळ्यांत ठेवलेल्या शालीत गुंडाळले तर त्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि जबर कावीळ होते. युरोपच्या देशांनी २००८ मध्ये या गोळ्या बाजारातून काढल्या. आम्ही दुकानातून काढल्या त्या आमच्या नातीच्या जन्मानंतर, म्हणजे स्वतःच्या घरावर आल्यावर.

नव्या मालाचा एक गठ्ठा फोडल्यावर डोळे चुरचुरतात, घसा धरतो, हा अनुभव प्रत्येक कापडवाल्याचा आणि शिंप्याचा आहे. सुरकुती न पडणाऱ्या कापडाच्या फिनिशिंगमध्ये फॉर्माल्डिहाइड असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात टाकले. तेव्हापासून आम्ही गठ्ठा फोडतो तो दुकानाबाहेर पडवीत, आणि थाने एक रात्र मोकळी ठेवतो.

मजुराचे खाते

महाराष्ट्र शासनाची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना २०२३ पासून नव्या रूपात आली. फवारणीच्या विषबाधेने मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये त्यात आहेत. चांगली गोष्ट आहे. पण ती शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी आहे. सात-बारा लागतो. ज्याच्या पाठीवर पंप आहे, त्याच्या नावावर बहुधा सात-बारा नसतो. आपल्या समाजातले कित्येक तरुण हंगामात फवारणीला, तोडीला, गोदामात हमालीला जातात. त्यांचे नाव ना शेतकऱ्याच्या यादीत, ना कारखान्याच्या हजेरीत. त्यांना काही झाले तर मालकाच्या मनात रहम असेल तेवढेच. आम्ही आमच्या मुलाच्या दवाखान्याचा खर्च केला, दोन महिन्यांचा पगार दिला. हे आम्ही मोठेपणा म्हणून सांगत नाही. कोणी आम्हाला विचारायला येणार नव्हते, आणि आम्ही नसते दिले तरी आमचे काही वाकडे झाले नसते, हे सांगण्यासाठी सांगतो.

कोणाला असे झालेच, तर आम्ही केल्या त्या चुका करू नयेत. लिंबू नाही, मीठ नाही, तेल नाही, दूध नाही. बोटे घालून उलटी काढायची नाही. आधी मोकळ्या हवेत आणा, कपडे उतरवा, साबणपाण्याने अंग आणि केस धुवा, आणि धुणाऱ्याने स्वतःच्या हातांना प्लॅस्टिकची पिशवी तरी बांधावी. १०८ ला फोन करा. डबा किंवा चिठ्ठी सोबत न्या. दिल्लीच्या एम्स रुग्णालयात विषबाधेची माहिती देणारे केंद्र आहे, १८०० ११६ ११७ या क्रमांकावर डॉक्टरही तिथे विचारू शकतात.

आता आमच्या दुकानात कसरीवर फवारणी होत नाही. खिडकीपुढचे गठ्ठे हलवले, एक पंखा बसवला. लोकरीचा माल ऊन पडले की गच्चीवर जातो, फडक्यात बांधलेला कडुनिंबाचा पाला आणि लवंग गठ्ठ्यात जाते. कसर अजिबात लागत नाही असे म्हणणार नाही. वर्षाला दोन-चार शाली जातात. त्या आम्ही नुकसानीत लिहितो.

तो मुलगा नंतर आमच्याकडे राहिला नाही. राहावे असे म्हणायला आमचे तोंडही नव्हते. तो आता रिक्षा चालवतो, लग्न झाले, एक मुलगा आहे. मागच्या ईदला मुलाच्या पठाणीसाठी कापड घ्यायला आला होता. आम्ही मापून, फाडून, घडी घालून दिले आणि सवयीने म्हटले, बेटा, शिवायला टाकण्यापूर्वी एकदा पाण्यातून काढ. तो हसला. म्हणाला, चाचा, हे तुम्ही मला शिकवू नका.